पाळणेकरांचे हातमोजे

ज्या माणसाच्या भरवशावर पन्नास माणसं खुशाल घोरत पडतात, त्याच्या हातून चहाचा कप निसटावा यात बातमी होण्यासारखं काही नाही. कप कुणाच्याही हातून निसटतो. पण पाळणेकरांच्या हातून तो त्याच आठवड्यात दुसऱ्यांदा निसटला, आणि दोन्ही वेळा त्यांनी कपाचा कान सैल असल्याचं जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या बायकोने चष्मा वर सरकवून त्यांच्याकडे नीट पाहिलं. ही बाई वीजबिलाच्या तक्रार खिडकीवर बसते. आमचा मीटर आपोआप पळतो, आम्ही तर महिनाभर गावाला होतो, पंखा आम्ही लावतच नाही, असल्या कहाण्या ऐकण्यात तिची निम्मी नोकरी गेली आहे. तिच्यापुढे कपाच्या कानाची सबब टिकण्यासारखी नव्हती. ती फडकं आणायला उठली.

पाळणेकर हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव पगारपत्रकावर आहे आणि ते तिथंच सुखात आहे. डेपोतले बाकीचे ड्रायव्हर त्यांना पाळणेकर म्हणू लागले, कारण त्यांची लांब पल्ल्याची बस एकदा हमरस्त्याला लागली की आतली सगळी जनता तान्ह्या पोरांसारखी झोपी जाते. गिअर कधी पडला कळत नाही, ब्रेक कधी लागला कळत नाही. एकदा तर खुद्द कंडक्टरलाच झोप लागली आणि मधल्या थांब्यावर चढलेली मंडळी फुकटात मुक्कामी पोचली. ठपका कंडक्टरवर आला, पण पाळणेकर ती हकीकत आजही पदक मिळाल्यासारखी सांगतात.

अशा या हातांना काही महिन्यांपासून मुंग्या येत होत्या. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं आधी झिणझिणायची, मग बधिर व्हायची. स्टिअरिंगची थरथर तळहातातून निघून कोपरापर्यंत चढायची आणि गाडी डेपोत लावून घरी आलं तरी उतरायची नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण पाळणेकरांची मूठ सकाळी उठल्यावर झाकतच नव्हती. आणि बोलायची सोय नव्हती. डेपोत कुणी हाताची तक्रार केली की त्याला डॉक्टरकडे पाठवत, आणि डॉक्टरांनी मान हलवली की लांब पल्ला बंद. मग तो माणूस डेपोच्या आवारात रिकाम्या गाड्या धुवायच्या जागेवरून उभ्या करायच्या जागेवर नेत बसे. मागच्या खेपेला एकाने खांदा दुखतो म्हटलं होतं, तो अजून तिथंच गोल गोल फिरतो आहे. त्याला पाहिलं की पाळणेकर हात खिशात घालत. रिकाम्या गाडीत कोण झोपणार, आणि कुणी झोपत नसेल तर पाळणेकर या माणसाचं जगात काय काम?

तेव्हा त्यांनी दुखणं लपवलं. पण दुखणं लपवायचं तर माणसाला एका जागी बसता आलं पाहिजे, आणि नेमकं तेच त्यांना जमेना. सुट्टीच्या दिवशी ते पेपर उघडत, मिटत, खिडकी लावत, पुन्हा उघडत, आणि मधूनच धुतलेले हात झटकावेत तसे दोन्ही हात झटकत. एके सकाळी ते गॅलरीत उभे राहून असेच हात झटकत असताना खालून पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त बँक मॅनेजरांनी पाहिलं. आपल्याला कुणीतरी अगत्याने वर बोलावतं आहे, अशी त्यांची समजूत झाली. निवृत्तीनंतर त्यांना कुणी कुठं बोलावलेलं नव्हतं. ते जिन्यावर एकदाही न थांबता वर आले, खुर्चीत बसले, हातांकडे पाहून त्यांनी एका क्षणात सगळं ताडलं आणि सल्ला द्यायला सुरुवात केली.

त्यांच्या मते हा सगळा उशीचा दोष होता. उशी नसेल तर पलंगाचा, आणि पलंग चांगला असेल तर मग पालेभाजी कमी पडत असणार. त्यांनी पाळणेकरांना एक रबरी चेंडू दिला आणि दिवसभर दाबत राहायला सांगितलं. पाळणेकरांनी तो दाबला. बधिर बोटांतून तो निसटला, गॅलरीच्या कठड्यावर टप्पा घेऊन खाली गेला आणि सोसायटीच्या अध्यक्षांच्या नुकत्याच धुतलेल्या चादरींच्या बादलीत पडला. अध्यक्षांनी तो परत आणून दिला, आणि येताना त्यांचाही एक सल्ला घेऊन आले. भीक नको पण कुत्रा आवर अशी पाळणेकरांची गत झाली.

एवढ्यात बायकोने आपल्या भावाला फोन केला होता. पाळणेकरांचा हा मेव्हणा ऑफिसच्या खुर्च्या विकतो, आणि जगातलं प्रत्येक दुखणं चुकीच्या कोनात बसल्याने होतं असं त्याचं ठाम मत आहे. उंटावरचा शहाणा निदान उंटावर तरी असतो, हा चाकाच्या खुर्चीवर बसून सगळीकडे फिरतो. त्याने पाळणेकरांना रिकामी थाळी स्टिअरिंगसारखी धरायला लावली, त्यांच्याभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या आणि निदान केलं.

"भाऊजी, कोन बरोबर आहे. तुमच्या तळहातात गादी नाही. हातमोजे घाला."

खरं तर ही गोष्ट वाईट नव्हती, आणि मेव्हण्याने आयुष्यात सांगितलेली कदाचित पहिलीच बरी गोष्ट होती. पण चांगली गोष्ट चुकीच्या माणसाच्या तोंडून आली की तिचं काय होतं, हे पुढं दिसेलच.

पहिला जोड मेव्हण्यानेच आणला. मोटारसायकलवाल्यांचा, बोटांच्या सांध्यांवर टणक कवच असलेला. तो चढवल्यावर पाळणेकर कुणाला तरी मारायला निघाल्यासारखे दिसत. कंडक्टरने त्यांना पाहून आपण होऊन सुट्टे पैसे मोजून दाखवले. गाडी सुटली, पहिल्या वळणापर्यंत सगळं ठीक होतं. वळणावर पाळणेकरांनी स्टिअरिंग फिरवलं आणि अंगठ्यावरचं कवच हॉर्नच्या बटणावर बसलं. मागचा एक आजोबा धडपडून उठला आणि आपलं गाव आलं समजून पिशवी घेऊन दाराशी उभा राहिला. पुढच्या वळणावर तेच, त्याच्या पुढच्या वळणावर तेच. त्या रस्त्याला वळणांची ददात नव्हती. संपूर्ण प्रवासात कुणाचा डोळ्याला डोळा लागला नाही, आणि उतरताना एक बाई दुसरीला सांगत होती की ड्रायव्हर नवीन दिसतो. पाळणेकरांना हातापेक्षा ते वाक्य जास्त दुखलं.

दुसरा जोड बँक मॅनेजरांच्या बागकामाचा, तळव्याला रबर लावलेला. हा त्यांनी शहाणपणाने आधी आवारातल्या रिकाम्या गाडीवर वापरून पाहिला. आता वळण संपलं की स्टिअरिंग आपण होऊन सरळ होतं, आणि मुरलेला ड्रायव्हर त्याला तळहातातून अलगद सरकू देतो. रबराने ते सरकूच दिलं नाही. स्टिअरिंग परत फिरलं ते पाळणेकरांचे दोन्ही हात सोबत घेऊन, हातांचा पार पिळा झाला, आणि गाडी धुण्याच्या पाण्याच्या पाइपवर जाऊन उभी राहिली. पाइप फुटला. खांदेवाला ड्रायव्हर तिथंच होता, त्याने पाहिलं, पण तो कुणाला काही बोलला नाही. त्या गोलगोल फिरण्यात माणसाचा बोलण्यावरचा विश्वासच उडतो बहुधा.

मग सासूबाईंनी विणलेले लोकरी आले, ते घसरले. कुणाचे कुणाचे चामड्याचे आले, ते भिजून कडक झाले. एक ना धड भाराभर चिंध्या म्हणतात तशा घरात हातमोज्यांच्या चिंध्या साठल्या, आणि हात होते तिथंच. शेवटी बायकोच म्हणाली की असं चोरून किती दिवस चालणार, डेपोत रीतसर विचारा. ती स्वतः खिडकीमागे बसणारी असल्याने तिचा रीतसर या शब्दावर अजून विश्वास होता.

पाळणेकरांनी हेडक्लार्कला विचारलं, अर्थात एका मित्रासाठी. हेडक्लार्कने गणवेशाचा नियम तोंडपाठ म्हणून दाखवला. टोपी, शर्ट, पॅन्ट, बूट, बिल्ला. हातमोजे त्यात नाहीत, आणि जे नियमात नाही ते अंगावर चालत नाही. पाळणेकरांनी अजिजीने विचारलं की काहीच वाट नाही का. वाटा तीन आहेत, हेडक्लार्क म्हणाला. थंडीसाठी मिळतात, पण आपला मार्ग थंड म्हणून मंजूर नाही. आजारासाठी मिळतात, पण आजारी माणूस गाडी चालवू शकत नाही, तेव्हा त्याला मिळून उपयोग नाही. तिसरी वाट शोभेची. बड्या पाहुण्यांची गाडी चालवणाऱ्याला पांढरे सुती हातमोजे द्यायची तरतूद आहे, आणि पाहुणे कधी आलेच नाहीत म्हणून ते भांडारात पडून आहेत. मित्राला शोभेसाठी हवे असतील तर आजच घेऊन जा म्हणावं.

अशा रीतीने आयुष्यभर इमानेइतबारे गाडी हाकलेल्या पाळणेकरांनी 'शोभेकरिता' असं लिहून त्याखाली सही केली. वाढत्या पोटाचा, विरळ केसांचा तो गृहस्थ शोभेच्या वस्तू घेऊन घरी आला तेव्हा बायकोला हसू आवरेना. पण हसून झाल्यावर तिने भावाकडून खुर्चीच्या गादीचा स्पंज मागवला आणि दोन्ही तळव्यांच्या आत शिवून टाकला. हातमोजे फुगले, बोटं एकमेकांना चिकटली, हात हाताएवढा न राहता सुपाएवढा झाला. पण स्टिअरिंग सरकत होतं, हॉर्न वाजत नव्हता, आणि तळहाताखाली कुणीतरी मायेने उशी ठेवल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी ते गाडी घेऊन निघाले आणि हमरस्त्याला लागल्यावर त्यांच्या लक्षात आलं की हातांना मुंग्या येत नाहीत. मागे एकेक मान कलंडू लागली. एक घोरणं सुरू झालं, मग दुसरं, मग पोरांची कुरबूर थांबली. किती महिन्यांनी पाळणेकरांचा जीव जागेवर आला. माणसाचा जीव जागेवर आला की त्याला जग आपलंसं वाटायला लागतं, आणि पाळणेकर समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला ओळख देत सुटले.

इथं रस्त्यावरची रीत सांगायला हवी. समोरून ओळखीची गाडी आली की ड्रायव्हर अंगठा स्टिअरिंगवरच ठेवून चार बोटं उचलतो. झाली ओळख. पण सगळा पंजा उघडून वर धरला तर त्याचा अर्थ, पुढे काहीतरी भलतं आहे, गाडी हळू घ्या. ही रीत कुठं लिहिलेली नाही, पण पोलिसांच्या पाटीवर नसेल इतका तिच्यावर ड्रायव्हर लोकांचा विश्वास. आणि त्या पांढऱ्या, फुगलेल्या, बोटं चिकटलेल्या हातमोज्यात चार बोटं उचलायला गेलं की उचलला जायचा तो अख्खा पंजा. तोही लांबून लखलखीत दिसणारा.

पाळणेकर हसतमुखाने पुढे जात राहिले आणि त्यांच्या पाठीमागे रस्ता तुंबत राहिला. डेपोत ज्याला तुफान म्हणतात, त्या तुफाननेही करकचून ब्रेक दाबला. त्याने मागच्या ट्रकला पंजा दाखवला, ट्रकने टँकरला. खुद्द पाळणेकरांनी दाखवला आहे म्हटल्यावर शंका घ्यायचं कारण नव्हतं, कारण ते उगाच स्टिअरिंगवरून हात काढणाऱ्यातले नाहीत हे सगळ्यांना ठाऊक. मग पुढे नक्की काय असेल याची चर्चा झाली. आधी चेकिंग होतं, मग झाड पडलं, मग झाड पुलावर पडलं, आणि डेपोत फोन पोचेपर्यंत पूल वाहून गेला होता. डेपो मॅनेजरांनी सगळ्या गाड्या जागेवर थांबवल्या. मुक्कामी पोचलेल्या पाळणेकरांना लोकांनी घेरून विचारलं की तुम्ही पूल नसताना आलात कसे. त्यांनी उत्तर द्यायला हात वर केला, आणि समोरची एक रिक्षा गपकन थांबली. तेव्हा त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यापेक्षा वेगळं नसावं.

चौकशी मॅनेजरांच्या खोलीत लागली. मॅनेजर स्वतः एके काळी लांब पल्ल्यावर होते, पण आता टेबलामागे बसतात, हात मांडीवर ठेवून, आणि खालच्या आवाजात बोलतात. हेडक्लार्क लिहून घ्यायला बसला. त्या दिवशी रस्त्यात थांबलेले सगळे ड्रायव्हर भिंतीला टेकून उभे होते आणि पाळणेकर मधोमध, पाय बदलत, टोपी या हातातून त्या हातात घेत. ती टोपीही त्यांच्या हातून एकदा खाली पडली.

मॅनेजरांनी एकेकाला विचारलं की गाडी का थांबवली. कुणी पंजा दाखवला होता का. आणि पाळणेकरांचा आपल्या कानांवर विश्वास बसेना. तुफान म्हणाला की पंजाबिंजा काही नाही, आपण देखावा पाहायला थांबलो होतो. त्या माणसाने वीस वर्षांत समोरच्या काचेशिवाय कशातून पाहिलं नव्हतं. दुसरा म्हणाला, इंजिन दमलेलं वाटलं. सगळ्यात जुना ड्रायव्हर, ज्याला सगळे पणजोबा म्हणतात, त्याने चष्म्यावर वाफ धरल्याचं सांगितलं, आणि त्याला चष्मा नाही. पाळणेकरांचं नाव कुणाच्याही तोंडून आलं नाही.

मॅनेजरांनी सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं. मग ते म्हणाले की ठीक आहे, पाळणेकरांवर काही येत नाही, त्यांनी जावं. पण विनाकारण गाडी थांबवून सगळा मार्ग बंद पाडल्याबद्दल या बाकीच्यांना लांब पल्ल्यावरून काढण्यात येत आहे. आवारात गाड्या फिरवा म्हणावं आता.

पाळणेकर दारापर्यंत गेले. उद्याची गाडी त्यांची होती, हातमोजे खिशात होते, आणि जगात कुणाला काही कळणार नव्हतं. त्यांनी कडीला हात लावला आणि ती कडी बधिर बोटांना लागलीच नाही. त्यांना एकदम स्वतःची लाज वाटली, इतकी की ती कपाळापर्यंत चढली. ते परत फिरले.

"साहेब, हे सगळे खोटं बोलताहेत. पंजा मीच दाखवला. हातमोजे घातले होते, त्यात बोटं सुटी होत नव्हती." ते थांबले आणि मग त्यांनी उरलेलंही सांगून टाकलं. "शोभेसाठी नव्हते ते. माझे हात बधिर होतात. बरेच महिने झाले."

हेडक्लार्कने तत्परतेने पेन उचललं. आजाराची कबुली म्हणजे उद्या सकाळी डॉक्टर आणि परवापासून आवार, असं तो पुटपुटू लागला. तेवढ्यात भिंतीकडून पणजोबा बोलला.

"माझेही होतात."

मग तुफान म्हणाला की त्याचा डावा हात तर चहाचा ग्लाससुद्धा धरत नाही, म्हणून तो कुठं चहाला थांबतच नाही, आणि लोकांना वाटतं त्याला घाई आहे. मग इंजिनवाला बोलला. एकेक करत सगळे बोलले, आणि बोलताना जो तो दुसऱ्याकडे असा पाहत होता, की इतकी वर्षं शेजारी शेजारी जेवलो आणि हे माहीत नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं की आपलेच हात फुकट गेले.

हेडक्लार्कने घसा साफ केला. नियमाप्रमाणे या सगळ्यांना उद्या एकदम डॉक्टरकडे पाठवावं लागेल, असं त्याने सांगितलं. मॅनेजर त्याच्याकडे वळले.

"मग उद्याच्या गाड्या तुम्ही नेणार?"

हेडक्लार्कला सायकलसुद्धा येत नव्हती. त्याने पेन खाली ठेवलं. मॅनेजर म्हणाले की डॉक्टरकडे सगळ्यांनी जायचं, पण पाळीपाळीने, आणि पल्ला कुणाचाच काढायचा नाही, मघाची शिक्षाही रद्द. हातमोजेही सगळ्यांना द्यायचे, मात्र बोटं उघडी ठेवून, म्हणजे रस्त्यावर कुणी कुणाला ओळख दिली तर ती ओळखच वाटेल. हेडक्लार्कने चाचरत विचारलं की हे कोणत्या सदरात घालायचं.

"शोभेच्या," मॅनेजर म्हणाले. "आपले ड्रायव्हर आहेतच शोभेचे."

सगळे निघाले तसं त्यांनी पाळणेकरांना मागे थांबवलं. दार लागल्यावर त्यांनी मांडीवरचे हात पहिल्यांदाच टेबलावर काढून ठेवले. बोटं अर्धवट वाकलेली होती आणि ती सरळ होत नव्हती. गाडी सोडून किती वर्षं झाली तरी रात्री जाग येते, असं ते खालच्या आवाजात म्हणाले. मग त्यांनी विचारलं की तो स्पंज कुठं मिळतो, आणि वहिनी आणखी एक जोड शिवतील का, माप जरा मोठं लागेल.

घरी आल्यावर पाळणेकरांनी बायकोला सगळं सांगितलं, कपाच्या कानासकट. ती ऐकत ऐकत पांढऱ्या हातमोज्यांची बोटं कात्रीने छाटत होती. नवे जोड शिवायचे तर माप नीट घेऊ म्हणून तिने त्यांचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला, तळवा उघडला आणि अंगठ्याखाली दाबलं.

"कळतंय का?"

इतके महिने ते प्रत्येकाला होच म्हणत आले होते.

"नाही," पाळणेकर म्हणाले. "तिथं काहीच कळत नाही गं."

तिने थोडं वर दाबलं, मग आणखी थोडं वर, आणि विचारत राहिली. मनगटाजवळ एके ठिकाणी ते हो म्हणाले. तिने आपलं बोट तिथंच ठेवलं आणि माप घ्यायचं राहूनच गेलं. पाळणेकर जागचे हलले नाहीत. पेपर शेजारीच होता, खिडकी अर्धवट उघडी होती, पण त्यांना उठावंसं वाटलं नाही.